तिसऱ्या मंगळवारची रोपं

“बॉक्स कुठायत, शालन?”

वन्संनी उंबऱ्याबाहेरूनच विचारलं. डोक्यावर प्लॅस्टिकच्या कागदाची भलीमोठी गुंडाळी, साडी गुडघ्यापर्यंत खोचलेली, पायात एकच चप्पल. दुसरी वाटेत चिखलात राहिली होती. रविवारी कागद आणायला गेल्या, मागे दरड पडून घाट बंद झाला आणि त्या खाली वाईत अडकल्या. दोन दिवस वाट बघितली आणि मंगळवारी पहाटे उठून, ती गुंडाळी डोक्यावर घेऊन, आख्खा घाट पायी चढून आल्या. पाऊस असा होता, की छत्री उघडणाऱ्याला लोक हसले असते.

मी चुलीकडे बोट केलं.

चुलीच्या अंगाला लाकडं रचलेली होती, त्यांच्यावर दोन्ही खोकी बसवलेली. वन्संनी गुंडाळी दारातच टाकली, ओल्या पायांनी आत आल्या आणि वरच्या खोक्याची पट्टी दाताने ओढून काढली. आतून वाफ आली. पाठोपाठ आंबूस वास आला.

दोन्ही खोक्यांत मिळून स्ट्रॉबेरीची पाचशे रोपं होती. परदेशातून बोटीने आलेली, पुढे गारेगार गाडीतून आमच्या डोंगरावर पोचवलेली. त्यांना माती नव्हती, पानं नव्हती. अंगठ्याएवढा तपकिरी गड्डा आणि खाली मुळांचा झुपका, एवढंच. रविवारी, घाट बंद व्हायच्या आधी, गाडीवाल्याने खोकी उतरवली तेव्हा शेजारच्या बाया बघायला आल्या आणि म्हणाल्या, हे तर झाडूचे बुडखे! पण त्यातल्या एकेका रोपाला वेली फुटतात, त्यांना रनर म्हणतात, आणि एका आईपासून वीस-पंचवीस लेकरं होतात. थंडीत ठेवली तर ही रोपं झोपून राहतात. ऊब लागली की जागी होतात, आणि जागी झाली की त्यांना माती लागते. आमची रोपं खोक्यातल्या अंधारात दोन दिवस आधीच जागी झाली होती. बोटबोटभर पांढरेफटक कोंब आले होते आणि मधल्या जुड्यांवर बुरशी चढली होती.

“हितं कुणी ठिवली?” वन्संनी विचारलं. आवाज चढवला नाही.

“म्या,” मी म्हटलं. “फोन कट झाला ना वन्सं. ‘बॉक्स येतील’ एवढंच बोललात तुमी. कुठं ठिवायचे ते कळलंच न्हाई.”

आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, माझ्या मदतीला धावल्या. “उबेलाच ठिवली की गं. ह्या गारठ्यात माणूस आकसतंय, तर रोपांचं काय? पिल्लं आपण चुलीपाशी ठिवतो, तशीच ठिवली तिनं. चांगलंच केलं.”

वन्संनी माझ्याकडे पाहिलं. मी पुरण वाटत होते. हात थांबवला नाही.

“व्हय,” त्या म्हणाल्या, “फोन कट झाला खरा.”

आणि खाली बसून रोपं निवडायला लागल्या.

छबू वन्सं माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. तेव्हा सदतीस-अडतीसच्या असतील. दाजी मुंबईला माथाडी कामगार. त्यांनी दुसरी बाई ठेवली आणि वन्सं बोलल्या म्हणून उजवं मनगट मोडलं. मनगट बांधलेल्या अवस्थेत त्या माहेरी आल्या त्याला तीन वर्षं होत आली होती. ती तीन वर्षं बसून खाल्ली नाहीत. शेजारच्या गावातल्या रोपवाटिकेत मजुरीला गेल्या आणि मजुरी करता करता सगळी विद्या डोळ्यांनी उचलली. मग दाजींचा निरोप आला, दसऱ्याला न्यायला येतो. आत्याबाईंनी पदर डोळ्याला लावला आणि म्हणाल्या, कितीही केलं तरी बाईचं घर तेच. तेव्हा माझ्या नवऱ्याने, किसनने, जन्मात एकदाच बहिणीची बाजू घेतली. म्हणाला, “आक्का, रोपं आण. ती लागली तर वरचं शेत तुझ्या नावावर करतो. मग दाजी येवो, न्हाई तर त्याचा बा येवो. न्हाई लागली, तर मातर दसऱ्याला निमूट जायाचं.”

म्हणजे त्या दोन खोक्यांत नुसती रोपं नव्हती. बाईने पुन्हा त्या मनगट मोडणाऱ्याच्या दारात जायचं की नाही, ते त्यात होतं. घरात सगळ्यांना हे ठाऊक होतं. मलाही होतं.

“साठ-सत्तर गेली,” वन्संनी निवडून बाजूला टाकली. “बाकीची आज मातीत गेली, तर निम्मी तरी धरतील. उद्यापोत्तर एक न्हाई ऱ्हायची.”

“आज?” आत्याबाई उभ्याच राहिल्या. “आज वार काय हाय?”

आखाडापासूनचे पाच मंगळवार आमच्या गावात जननीचे. जननी म्हणजे गावदेवी. त्या दिवशी मातीला लोखंड लावायचं नाही. औत नाही, कुदळ नाही, खुरपं नाही. आख्खा गाव हे पाळायचा आणि तो तिसरा मंगळवार होता. बाहेरच्या माणसाला हे ऐकून हसू येईल, पण त्याच्या बारा वर्षं आधी असाच पाऊस लागला होता आणि कुणीतरी मंगळवारी चर खणला. त्याच आठवड्यात वरचा डोंगर सुटला आणि दोन घरं माणसांसकट गेली. तेव्हापासून वाराबद्दल कुणी चेष्टेनेसुद्धा बोलत नव्हतं.

किसन देवळात जायला निघाला होता. टोपी घातलेली, हातात छत्री. तो दारात आडवा झाला.

“आक्का, उद्या पहाटं लाव. म्या सोता येतो बरुबर.”

“उद्या काय मढी लावू?”

“गावाच्या शबुदाभायेर न्हाई जाता येत.”

“मला जाता येतंय. म्या गावातली हाय का? तूच म्हणतोस की, माझं गाव मुंबई.”

“जननी खाईल गं आपल्याला,” आत्याबाई रडायला लागल्या.

“आये, देवीला माझं मी सांगते,” वन्सं म्हणाल्या. त्यांनी पोत्याची खोळ डोक्यावर घेतली, एक खोकं काखेत मारलं, कोनाड्यातलं खुरपं उचललं आणि किसनला खांद्याने बाजूला सारून पावसात निघून गेल्या. कागदाची गुंडाळी दुसऱ्या हाताने ओढत नेली.

किसन थोडा वेळ उभा राहिला आणि देवळाकडे गेला. तिथे सगळे बापये जमलेले असायचे. वार पाळणं म्हणजे तिथे बसणं, एकमेकांना तंबाखू देणं आणि पत्ते कुटणं.

मी पोळ्या करत होते. सोळा लाटायच्या होत्या, त्यातल्या चार देवीच्या निवदाच्या. दुसरं खोकं, निवडलेल्या रोपांसकट, तसंच उघडं पडलेलं होतं. आत्याबाई म्हणाल्या, ते टाकून दे गं उकिरड्यावर, वास मारतंय. मी बरं म्हटलं. तव्यावर पोळी टाकली. ती फुगली. मी ती उलटायची विसरले आणि ती करपली. माझी पोळी करपत नाही. चौदा वर्षांत करपली नव्हती. आत्याबाईंनीसुद्धा मान वर करून बघितलं.

तवा उतरवून मी खोकं उचललं.

“निघाली कुठं?”

“टाकून येते,” मी म्हटलं.

उकिरडा खालच्या अंगाला होता. मी वर गेले.

वरचं शेत म्हणजे पंधरा गुंठ्यांचा एक उतार. वन्संनी तिथे मे महिन्यातच गादीवाफे करून ठेवले होते, दोन्ही बाजूंनी पाणी जायला चर काढलेले, बांबूच्या कमानी रोवून ठेवलेल्या. कमानींवर तो कागद अंथरायचा होता, पण वारा त्याला खाली बसू देत नव्हता. मी पोचले तेव्हा वन्सं कागदावर आडव्या पडून एका हाताने दगड शोधत होत्या.

“आलीस?” त्या म्हणाल्या. जणू मला यायला उशीर झाला होता. “ते टोक धर. धर म्हंते ना! तुझ्या अंगाचं वजन आज कामाला येऊ दे.”

माझ्या वजनावर त्या घरात रोज कुणी ना कुणी बोलायचं. त्या दिवशी मला त्याचा राग आला नाही. मी टोकावर बसले, त्यांनी दगड ठेवले. एक वाफा कसाबसा झाकला. दुसऱ्यावरचा कागद तीनदा उडाला आणि चौथ्यांदा बसला.

मग लावणी. खुरप्याने माती बाजूला करायची, मुळं सरळ खाली सोडायची, दाबायचं. मी पहिलंच रोप गळ्याच्या वरपर्यंत पुरलं. वन्संनी उपटून माझ्या हातात दिलं.

“गळा उघडा ठिव त्याचा. पुरलास तर कुजंल. मुळं झाकायची, गळा न्हाई.”

“बरं.”

“न् मुळं दुमडू नगंस. आपल्या पायावर आपण बसलो तर कसं हुतं?”

“बरं म्हटलं ना वन्सं.”

“बरं म्हणतीस न् करतीस भलतंच.”

मी ते रोप पुन्हा लावलं, गळा उघडा ठेवून. पावसाने माती चोपून काढली होती. लाल माती, तिच्यात बारीक खडे. पाणी पाठीवरून आत शिरत होतं आणि पायांतून बाहेर येत होतं. तासाभराने मला बोटं जाणवेनाशी झाली. दीडशे-पावणेदोनशे लागली असतील, तेवढ्यात बांधावर माणसं दिसली.

पुढे आबा गोळे. गावाचे कारभारी, साठीचे, पांढऱ्या मिशा, अंगावर घोंगडं. मागे दोघे-तिघे, आणि सगळ्यांच्या मागे माझा नवरा, छत्री मिटून काखेत धरलेली.

“छबे, लोखंड काढ मातीतनं,” आबा म्हणाले.

वन्संनी मान वर केली नाही. रोप दाबलं, पुढचं घेतलं.

“तुला म्हंतोय म्या!”

“आइकलं आबा. अडीचशे ऱ्हायलीत. झाली की काढते.”

“डोंगर बघ वर. बघ. पाणी कसं गढूळ यायलंय ते. बारा वर्सांमागं असंच हुतं. माझा धाकला भाऊ न् त्याची दोन पोरं, तिसऱ्या दिशी काढली आमी.” आबांचा आवाज फाटला. ते ढोंग करत नव्हते. त्या माणसाला खरोखरच भीती वाटत होती आणि ती स्वतःसाठी नव्हती. म्हणून तर त्यांना उलट बोलणं अवघड होतं.

पण माझी जीभ आधीपासूनच तिखट. मी उठले, वन्संच्या हातातलं खुरपं घेतलं आणि बांधावर आबांच्या पायापाशी फेकलं.

“घ्या. लोखंड आलं तुमच्याकडं. आता बोटांनी लावतो आमी.”

“सूनबाई, बोटांनी केलं तरी मातीचं काम ते कामच.”

“मंग आबा, सकाळपासनं म्या काय काय केलं सांगू? श्याण काढलं. चार घागरी आणल्या पाण्याच्या. पुरण वाटलं. पोळ्या लाटल्या, त्यातल्या चार तुमच्या देवीच्या. विळी लोखंडाची, तवा लोखंडाचा, न् चूल कशाची हुती? मातीचीच ना? पाच मंगळवारात एका दिशी तरी कुणी म्हटलं का, की बायांनो, आज वार हाय, हात धुवा न् बसा? आमच्या हाताला सुट्टी न्हाई, तर वार कुणी पाळला? तुमी पत्ते कुटले त्याला वार म्हणायचं?”

मागच्यांपैकी एकाने खाली बघितलं. त्याच्या घरी त्या दिवशी वीस पोळ्या झाल्या होत्या, मला माहीत होतं.

आबांनी घोंगडं सावरलं. मग माझ्याशी न बोलता किसनकडे वळले. त्यांचा आवाज मऊ झाला.

“किस्ना, तुझं घर वाईट न्हाई. म्या गावाला समजावतो. सासरची बाई माहेरात बसली, तिला हे सुचतंय. तिला तिच्या घरी धाड. दसऱ्याची वाट कशाला बघतूस? घाट उघडला की धाड. तुझ्या घराकडं कुणी बोट दाखवणार न्हाई, हा माझा शबुद.”

किसनने माझ्याकडे पाहिलं. का पाहिलं ते मला कळलं, आणि तुम्हालाही आता सांगायला हवं.

ते शेत मला हवं होतं. रस्त्याकडेची जागा, समोर सगळी दरी. तिथे दोन खोल्या बांधायच्या, सीझनला पाहुण्यांना द्यायच्या, मागे आपलं स्वयंपाकघर. माझी चूल, माझा उंबरा. चौदा वर्षं मी त्या घरात एका म्हातारीच्या, आणि शेवटची तीन वर्षं एका नणंदेच्याही नजरेखाली भाकऱ्या भाजल्या होत्या. किसनला मी कितीदा सांगितलं होतं, आणि तो म्हणायचा, बघू. मग त्याने ते शेत बहिणीला कबूल केलं. मला विचारलंसुद्धा नाही. आणि आता आबा माझं म्हणणं आयतं माझ्या ताटात वाढत होते. मी नुसतं गप्प बसायचं होतं.

वन्सं मातीत बसलेल्या होत्या. त्यांनी हातातलं रोप खाली ठेवलं नव्हतं. त्यांनी ना किसनकडे पाहिलं, ना माझ्याकडे. रोपाच्या मुळांवरची माती अंगठ्याने उगीचच पुसत होत्या.

“आबा,” मी म्हटलं, “वार त्यांनी न्हाई मोडला. म्या मोडला.”

“तू आत्ता आलीस की गं.”

“रविवारी मोडला म्या. वन्संनी वाईहनं फोन केला हुता. म्हणाल्या, बॉक्स मागल्या पडवीत ठिव, गारव्यात, चुलीच्या वाऱ्याला उभे करू नगंस. दोनदा म्हणाल्या. गारव्यात ऱ्हायली असती तर ही रोपं बुधवारपोत्तर काय, शुक्रवारपोत्तर टिकली असती. मंगळवारी मातीला हात लावायची पाळीच आली नसती. म्या जाणूनबुजून चुलीपाशी ठिवली. रात्री लाकडं जरा जास्तच घातली. फोनबिन काय कट झाला नव्हता.”

पाऊस तेवढा वाजत होता.

“कशापायी?” हे किसनने विचारलं. इतक्या हळू, की मला त्याच्या तोंडावरूनच कळलं.

“ह्या शेतापायी. तुमाला म्हाईत हाय कशापायी. तवा आबा, धाडायचं तर मला धाडा. माझं माहेर मेढ्याला हाय, सांच्याला पोचते. पर ही ओळ पुरी करून जाईन.”

आणि मी खाली बसले. बोटांनी माती उकरली. एक नख खड्यात अडकून मुळापासून उलटलं. कळ डोक्यापर्यंत गेली, तरी मी हात बाहेर काढला नाही. त्या क्षणी मला भीती वाटत नव्हती. ना आबांची, ना डोंगराची. सोळा वर्षांची होऊन त्या घरात आले, तेव्हापासून मी काहीतरी गिळून बसले होते. ते सगळं बाहेर पडलं होतं आणि मला चक्क मोकळं वाटत होतं. हे सांगायला लाज वाटते, पण तसंच होतं.

आबांनी खुरपं उचललं, घोंगड्याला पुसलं आणि घेऊन गेले. जाताना म्हणाले, “गावपांढरी काय ते बघून घील.” बाकीचे त्यांच्या मागे गेले.

किसन गेला नाही. बराच वेळ बांधावर उभा राहिला. मग कागद पुन्हा उडायला लागला, तेव्हा छत्री टाकून दगड आणायला धावला. दगड आणणं हे मातीचं काम नव्हे, अशी त्याने आपल्या मनाची समजूत घातली असणार. संध्याकाळपर्यंत त्याने मातीला बोट लावलं नाही, पण त्या शेतात इतके दगड आणले, की पुढे दोन वर्षं आम्ही ते वेचत होतो.

आम्ही दोघी लावत राहिलो. अर्धी ओळ झाली.

“वन्सं,” मी म्हटलं.

“म्हाईत हाय मला.”

“काय?”

“फोन कट झाला नव्हता ते. पलीकडनं मीच बोलत हुते की.”

मला एकदम हसू आलं आणि त्याच वेळी रडूही आलं. दोन्ही पावसात वाहून गेलं. “मंग सकाळी सगळ्यांसमोर का न्हाई बोललात? उलट ‘कट झाला’ म्हणालात.”

“बोलून काय करू? शेत नावावर झालं, तरी सांजसकाळ भाकरी तुझ्याच चुलीवरची. किस्ना तुझा. आये आज हाय, उद्या न्हाई. मला ऱ्हायाचं हुतं शालन, न् तुझ्या घरात ऱ्हायाचं म्हंजी तुला रागवायचीसुदीक चोरी.”

हे त्यांनी चिडून म्हटलं असतं तर बरं झालं असतं. त्या अगदी साध्या आवाजात बोलल्या, बाजारात आज काय भाव होता ते सांगावं तशा. एका बाईने माझ्यामुळे सगळं जाताना पाहिलं, आणि माझ्या धाकाने माझंच खोटं उचलून धरलं. माझा धाक! मी तर स्वतःला त्या घरातली सगळ्यांत गांजलेली समजत होते.

“आता रागवा,” मी म्हटलं. “आता चोरी न्हाई.”

“रागावलेच हाय,” वन्सं म्हणाल्या. “त्या रोपाचा गळा उघडा ठिव आदी.”

दिवस मावळायच्या आत चारशे तीस रोपं मातीत गेली.

आता त्याला अठरा वर्षं झाली. पुढचं थोडक्यात सांगते. पांढरीने आम्हाला बघून घेतलं. वर्षभर आमच्या घरी हळदीकुंकवाला कुणी आलं नाही, जत्रेत आमचा नारळ शेवटी फुटला, आणि आत्याबाई माझ्याशी गौरी येईपर्यंत बोलल्या नाहीत. किसन बोलायचा, पण जेवढ्यास तेवढं. ते मला पुष्कळ लागलं, आणि लागायलाच हवं होतं. दरड त्या वर्षी आली नाही. दोन वर्षांनी पलीकडच्या अंगाला आली, तेव्हा गावाने पाचही मंगळवार कडक पाळलेले होते. त्यावर गावात कुणी काही बोलत नाही आणि मीही बोलत नाही. आबांचं दुःख मला ठाऊक आहे.

एक गोष्ट मात्र झाली. चौथ्या मंगळवारी गावातल्या दोन घरांतून धूर निघाला नाही. बापये देवळातून जेवायला घरी गेले, तर बाया अंगणात हात धुऊन बसलेल्या. म्हणाल्या, वार पाळतोय. पाचव्या मंगळवारी अशी नऊ घरं झाली.

चारशे तिसांतली दोनशे अकरा रोपं धरली. किसन बांधावर उभा राहून म्हणाला, “निम्मीबी न्हाईत.”

“ऱ्हायलेली म्या मारली,” मी म्हटलं. “ती त्यांच्या नावावर कशाला घालता? पंधराच्या पंधरा गुंठे द्या.”

नवरात्राच्या आधी आम्ही तिघं तालुक्याला जाऊन कागद करून आलो. तिथल्या कारकुनाने किसनला दोनदा विचारलं, बहिणीला का देताय, बायकोची हरकत नाही ना? मी टेबलावर हात ठेवून म्हटलं, बायको मीच, आणि कुठे अंगठा हवा असेल तर सांगा. मग त्याने विचारलं नाही.

दसऱ्याला दाजी आले. पांढरीशुभ्र पॅन्ट, हातात नवी पिशवी, पायात नवे बूट. ओट्यावर बसले, ऐसपैस, जावई बसतो तसे. आत्याबाई लगबगीने आत आल्या आणि तांब्या भरायला लागल्या. मी त्यांच्या हातातून तांब्या घेतला, खाली ठेवला आणि रिकाम्या हाताने बाहेर आले.

“काय वैनी, पाणीबिनी देता का न्हाई?” दाजी हसत म्हणाले. “न् तिला म्हणावं, कापडं भर. तीनची गाडी हाय.”

किसन खांबाला टेकून उभा होता. तो माझ्याकडे बघत होता, पण ह्या वेळी मला गप्प बसायला सांगत नव्हता.

“हितं कुणी न्हाई कापडं भराया,” मी म्हटलं. “मालकीण वरच्या शेतात हाय. तिथं जावा, न् पाणी देती का ते तिलाच इच्यारा. दिलं तर प्या. न्हाई दिलं, तर तीनची गाडी हायच.”